खारविणे, वाळविणे, धुरविणे, शिजविणे : घरगुती विद्युत्-धुरवणीची रचना आणि परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

परभाषेतील एखादी कृती मराठीत उतरविताना शब्दकोशात प्रतिशब्द सापडला की काम संपले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज किती अपुरा आहे, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास एका अगदी घरगुती उद्योगात आला. मासळी आणि मांस धुरावर तयार करण्यासाठी विजेवर चालणारे एक साधन अमेरिकेतील पुष्कळ हौशी लोक घरच्या घरी बनवितात. मातीची एक मोठी कुंडी, तिच्यावर पालथे घालावयाचे दुसरे मातीचे भांडे, विजेची शेगडी, लोखंडी तवा आणि एक जाळी एवढ्या सामग्रीवर ते उभे राहते. असे एक इंग्रजी कृतिपत्र समोर ठेवून मी ते तयार केले आणि त्यात बांगडे ठेवले. मासळी दोन तास ‘स्मोक’ करावी, एवढीच सूचना कृतिपत्रात होती. दोन तासांनी बांगड्यांवर सुरेख तांबूस-सोनेरी रंग चढला होता आणि वासही उत्तम सुटला होता. परंतु मासा मधल्या काट्यापाशी उघडून पाहता आतून कच्चा निघाला.

ही चूक हाताची होती तशीच वाचनाचीही होती. इंग्रजीतील ‘स्मोक’ या क्रियापदाच्या पोटात चार निरनिराळ्या क्रिया सामावलेल्या आहेत : मीठ लावून पदार्थातील पाणी कमी करणे, त्याचा पृष्ठभाग कोरडा करणे, त्यावर धुराचा लेप चढविणे आणि उष्णतेने तो शिजविणे. या चारांपैकी कोणत्या अभिप्रेत आहेत हे त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला संदर्भावरून कळते. बाहेरून येणाऱ्यास कळत नाही. माझ्या साधनात तिसरी क्रिया घडली होती, चौथी घडली नव्हती, आणि रंग पाहून मी दोन्ही घडल्या असे धरून चाललो होतो.

हे साधन नीट बांधावयाचे असेल, तर या चार क्रिया प्रथम मनात आणि मग रचनेत एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागतात, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे. त्या वेगळ्या करण्यासाठी लागणारी क्रियापदे मराठीत बहुतांशी आधीच आहेत. त्यामुळे येथे परिभाषेचा विचार आणि रचनेचा विचार एकत्रच करावा लागेल.

२. शब्दांचा विचार

संस्कृत ‘धूम’, लॅटिन ‘फूमुस’ आणि रशियन ‘दिम’ हे शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत, हे सर्वज्ञात आहे. मराठी ‘धूर’ याच कुळातला. या शब्दाभोवती मराठीत जो परिवार जमला आहे, त्यात एक गोष्ट चटकन नजरेत भरते. ‘धुरकट’, ‘धुरकटणे’, ‘धुरावणे’ हे शब्द दोषवाचक आहेत. चुलीवरचे दूध धुरावले म्हणजे ते बिघडले. या क्रियापदांना कर्ता नाही. पदार्थाला धूर आपोआप आणि नकोसा लागलेला असतो.

दुसऱ्या बाजूस ‘धुरी देणे’ आणि ‘धुंगार देणे’ हे प्रयोग आहेत. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतात. बाळंतिणीला आणि मुलाला ओव्याची, वावडिंगाची धुरी देतात. धुंगार देताना पेटता निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडतात आणि भांडे झाकून टाकतात. या दोन्ही क्रिया हेतुपूर्वक केलेल्या आहेत. परंतु त्या अल्पकालीन आहेत आणि त्यांतून पदार्थ शिजत नाही किंवा टिकतही नाही. भाषेने येथे धुराचे काम वासापुरते मर्यादित केले आहे, आणि ही मर्यादा वस्तुस्थितीस धरून आहे.

तिसरा प्रकार प्रयोजक क्रियापदांचा. ‘वाळणे’ पासून ‘वाळविणे’, ‘शिजणे’ पासून ‘शिजविणे’; त्याचप्रमाणे ‘खार’ या नामापासून ‘खारविणे’. या रूपांत क्रिया करविणारा कर्ता आणि तिचा अभीष्ट शेवट हे दोन्ही गृहीत असतात. वाळविलेली वस्तू वाळलेली असते आणि शिजविलेली वस्तू शिजलेली असते. याच धर्तीवर, जाणीवपूर्वक आणि नियंत्रित रीतीने धुराचा संस्कार करणे या अर्थी ‘धुरविणे’ हे रूप मी या लेखात वापरणार आहे. दोषवाचक ‘धुरावणे’ पासून ते दोन स्वरांनी वेगळे राहते आणि ‘खारविणे-वाळविणे’ या जोडीशी सहज जुळते. साधनाला ‘धुरवणी’ म्हणावे. चाळणे-चाळणी, गाळणे-गाळणी, फुंकणे-फुंकणी या साधनवाचक रूपांत ते बसते. ‘पेरणी’, ‘पाठवणी’ यांप्रमाणे हाच प्रत्यय क्रियावाचक नामेही घडवितो हे खरे. पण संदर्भावरून संदिग्धता राहत नाही.

अन्य भाषांनीही येथे आपापल्या परीने भेद केले आहेत. जर्मन भाषेत धूर सोडणे किंवा तंबाखू ओढणे यासाठी ‘राउखेन’ आणि पदार्थ धुरविण्यासाठी ‘रॉयशेर्न’ अशी दोन क्रियापदे आहेत. फ्रेंचमधील ‘बुकाने’ हे क्रियापद ब्राझीलमधील तुपी भाषेच्या एका शब्दावरून आलेले असून, मांस धुरावर ठेवण्याची लाकडी चौकट हा त्याचा मूळ अर्थ होय. कॅरिबियन बेटांवर असे मांस करणाऱ्या लोकांवरूनच समुद्री लुटारूंचे ‘बक्कनियर’ हे नाव पडले. मेक्सिकोतील ‘चिपोत्ले’ या मिरचीच्या नावात नाहुआत्ल भाषेतील मिरची आणि धूर हे दोन शब्द जोडलेले आहेत. एका ठिकाणी क्रियेवरून, दुसऱ्या ठिकाणी चौकटीवरून, तिसऱ्या ठिकाणी पदार्थावरून नाव पडले. परंतु उष्णता आणि धूर यांची फारकत या तिन्ही ठिकाणी शब्दात उतरलेली नाही.

३. अग्नी, धूर आणि इंधन

ही फारकत आपल्या परंपरेत झालेली आहे, मात्र ती पाकशास्त्रात नसून न्यायशास्त्रात आहे. पर्वतावरील धुरावरून तेथील अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची उलट बाजू मात्र अभ्यासक सोडल्यास फारशी कोणाच्या ध्यानात नसते. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हे त्याचे प्रत्युदाहरण नैयायिक देतात. तेथे अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी अग्नीला आणखी एक अट जोडावी लागते, ती म्हणजे ओल्या इंधनाचा संयोग. या अटीला ते उपाधी म्हणतात.

विजेची शेगडी हा आपल्या घरातील तो तापलेला लोहगोलच होय. तिच्यात उष्णता आहे, धूर नाही. लाकडाच्या चुलीवर या दोन गोष्टी एकत्रच मिळत असल्यामुळे त्यांचे वेगळेपण जाणवत नाही. चुलीवरच्या माळ्यावर किंवा शिंक्यात ठेवलेल्या मक्याच्या कणसांना, सुक्या मासळीला आणि गोव्याकडील चोरिसांना ऊब आणि धूर सतत, एकाच वेळी आणि फुकट मिळत असे. विजेने ही जोडी तोडली. म्हणून विद्युत्-धुरवणी बांधणे म्हणजे धूरहीन उष्णतेला इंधनाची उपाधी आपल्या मापाने पुन्हा जोडून देणे होय.

आधुनिक रसायनशास्त्र नैयायिकांच्या अटीत एक दुरुस्ती सुचविते. धुराचे कारण इंधनाचा ओलेपणा एवढेच नाही. लाकूड पुरेशा हवेशिवाय तापणे हे मुख्य कारण आहे. लाकडाचे तीन प्रमुख घटक म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाणी निघून जाते. साधारणतः २०० ते ३०० अंश सेल्सिअस या कक्षेत हेमिसेल्युलोजचे आणि त्यापुढे सुमारे ३५० अंशांपर्यंत सेल्युलोजचे विघटन होते. लिग्निनचे विघटन याहून विस्तृत कक्षेत चालू राहते. पहिल्या दोहोंपासून मुख्यतः आम्ले आणि कार्बोनिल संयुगे मिळतात. पृष्ठभागावरील प्रथिनांशी या कार्बोनिल संयुगांची अभिक्रिया होऊन तो सोनेरी रंग येतो. लिग्निनपासून ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे मिळतात. धुराचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचा. फिनॉल, आम्ले आणि अल्प प्रमाणातील फॉर्माल्डिहाइड यांचा जंतूंवर परिणाम होतो, परंतु तो पृष्ठभागापुरता. धुराचे घटक मांसात खोलवर शिरत नाहीत. वर सांगितलेला कच्चा बांगडा सोनेरी का दिसला, याचे उत्तर येथे मिळते. रंग हा धुराचा पुरावा आहे, शिजण्याचा नव्हे.

लाकूड सुमारे ४०० अंशांच्या पुढे गेले, किंवा हवा मिळून त्याने पेट घेतला, तर धुरात बेंझोपायरीनसारख्या कर्करोगकारक संयुगांचे प्रमाण वाढू लागते. म्हणून लाकूड विझूही नये आणि पेटूही नये, अशी स्थिती टिकवावी लागते. या स्थितीला मराठीत ‘धुमसणे’ हे नेमके क्रियापद आहे. धुरवणीतील ढलप्यांनी धुमसत राहावे, हे एकच वाक्य त्या भागाची सर्व आवश्यकता सांगून जाते. ढलप्या भिजवून ठेवाव्यात असा सल्ला पुष्कळ कृतिपत्रांत देतात. परंतु थोड्या वेळात पाणी लाकडात फारसे शिरत नाही, आणि जे शिरते ते प्रथम वाफ होऊन निघून जाते. त्यामुळे धूर उशिरा सुरू होतो एवढेच. हवा मापाने देणे हाच धुमसत ठेवण्याचा खरा उपाय आहे.

४. साधी धुरवणी

कुंडीच्या धुरवणीची रचना अमेरिकेत ऑल्टन ब्राउन यांच्या ‘गुड ईट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे विशेष प्रसिद्धीस आली. त्याआधी १९३९ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील टोरी संशोधन केंद्राने मासळीसाठी पंख्याने धूर खेळविणारी यांत्रिक भट्टी तयार केली होती आणि धुराड्याच्या लहरीवर चालणारे हे काम प्रथमच मोजमापाखाली आणले होते. घरगुती साधन हे त्याच विचाराचे लहान रूप आहे.

सुमारे ४० सेंटिमीटर तोंडाची, तितक्याच उंचीची, बिनरोगणाची भाजलेल्या मातीची कुंडी घ्यावी. रंग दिलेली किंवा चकाकीचा लेप असलेली कुंडी घेऊ नये. लेपात शिसे असण्याची शक्यता असते. कुंडी तीन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाच्या भोकातून हवा आत येईल आणि शेगडीची वायरही तेथूनच बाहेर काढता येईल. तळाशी शेगडी, शेगडीवर लहान लोखंडी तवा, तव्यात मूठभर ढलप्या आणि त्यांवर भोके पाडलेले झाकण. कुंडी वर जेथे रुंद होते तेथे पोलादी जाळी आपोआप अडकून बसते. जाळी आणि तवा यांच्यामध्ये एक थाळी ठेवावी. गळणारी चरबी शेगडीवर पडली तर भडका उडतो. सर्वांत वर मातीचे पसरट भांडे पालथे घालावे. त्याच्या भोकातून थोडा धूर सतत बाहेर पडला पाहिजे. धूर कोंडून राहिला तर पदार्थावर काळपट, कडू थर बसतो. बाहेर पडणारा धूर विरळ आणि निळसर असावा. दाट पांढरा धूर दिसू लागला की हवा कमी पडत आहे असे समजावे.

मातीचा गुण असा, की ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. शेगडी चालू-बंद होत राहिली तरी आतील उष्णता त्यामुळे फार खालीवर होत नाही. मात्र कुंडी प्रथम मंद आचेवर तापवावी. ओलसर माती एकदम तापविली तर तडकते. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप किंवा टोपले यासाठी वापरू नये. जुन्या फ्रिजचा सांगाडाही निरुपयोगी, कारण त्याचे आतील अस्तर प्लॅस्टिकचे असते.

विजेच्या बाबतीत तीन सूचना महत्त्वाच्या आहेत. पहिली, आपल्याकडे मिळणारी उघड्या तारेची शेगडी वापरू नये. तिच्यावर पाणी किंवा चरबी सांडणे, अथवा तवा तारेस लागणे, प्राणघातक ठरू शकते. बंद तबकडीची शेगडीच घ्यावी, तिला तीन पिनांची आर्थिंगची जोडणी असावी, आणि मागे ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. दुसरी सूचना परदेशांतून शेगडी आणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेथील १००० वॉटची शेगडी येथे थेट जोडल्यास ती साडेतीन हजार वॉटांहून अधिक शक्ती ओढू पाहील आणि जळून जाईल. येथील १००० वॉटच्या शेगडीला सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह पुरतो. तिसरी सूचना जागेची. धुमसणारे लाकूड कार्बन मोनॉक्साइड सोडते. म्हणून धुरवणी अंगणात किंवा उघड्या गच्चीतच चालवावी. बंद गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात कधीही चालवू नये.

लाकडाविषयी थोडे. अमेरिकेत हिकोरी, सफरचंद, आल्डर आणि मेस्किट यांची लाकडे वापरतात. यांपैकी मेस्किटची एक नातलग जात आपल्या माळरानांवर सर्वत्र माजलेली आहे : वेडी बाभूळ. ती मूळची अमेरिकेचीच. पेरू आणि साधी बाभूळ यांची पूर्ण वाळलेली लाकडेही चांगली. राळयुक्त देवदार व चीड, कडू निंब, रंगविलेले लाकूड आणि प्लायवूड वर्ज्य. कण्हेरीसारख्या विषारी झाडांच्या काटक्या चुकूनही नसाव्यात. ज्या झाडाची ओळख नाही त्याचे लाकूड घेऊ नये, हा नियम पुरेसा आहे.

५. साध्या धुरवणीतील दोष आणि त्याचा परिहार

वरील धुरवणीत एक मूलगामी दोष आहे, आणि माझ्या कच्च्या बांगड्याचे यांत्रिक कारण तोच होता. शेगडीच्या पोटात तिचा स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. तो उघड्या स्वयंपाकघरातील वापरासाठी बसविलेला असतो. कुंडीत कोंडलेल्या उष्णतेने तो लवकरच शेगडी बंद करतो आणि बराच वेळ बंदच ठेवतो. प्रारंभी भरपूर धूर आला, रंग चढला. मग शेगडी वारंवार बंद पडत राहिली आणि आतील उष्णता शिजण्यास पुरेल इतकी वाढलीच नाही.

येथे कोणी म्हणेल, की तो थर्मोस्टॅट काढून टाकून कुंडीतील हवा मोजणारा दुसरा थर्मोस्टॅट बाहेरून जोडावा. तो जोडावाच, परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ढलप्यांना धुमसण्यासाठी ३०० अंशांच्या आसपास उष्णता हवी आणि पदार्थाभोवतीची हवा हवी १०० ते ११० अंशांची. एकाच शेगडीकडून या दोन मागण्या पुऱ्या करावयाच्या, तर हवा पुरेशी तापून शेगडी बंद झाली की धूरही थांबतो. आणि धुरासाठी शेगडी चालू ठेवली तर हवा भलतीच तापते. एका क्रियापदाने दोन क्रिया सांगण्याचा जो दोष कृतिपत्रात होता, तोच येथे एका शेगडीने दोन कामे करण्याच्या रूपाने यंत्रात उतरला आहे.

परिहार सोपा आहे. धुरासाठी दुसरा, लहान उष्णतास्रोत घ्यावा. हौशी मंडळी यासाठी डाख देण्याची विजेची सळई वापरतात. ३० ते ४० वॉटच्या या सळईचे टोक ३०० अंशांच्या पुढे सहज तापते. आतून लेप नसलेल्या पत्र्याच्या डब्यात ढलप्या भरून, डब्याच्या बुडाला पाडलेल्या भोकातून सळई आत खुपसावी, आणि डब्याचे तोंड दोन वितींच्या धातूच्या नळीने कुंडीच्या बाजूस पाडलेल्या छिद्राला जोडावे. सळई कोरी असली पाहिजे. जिच्या टोकाला शिसेमिश्रित डाख लागलेला आहे ती घेऊ नये. आता शेगडीवर तवा ठेवण्याचे कारण उरत नाही. शेगडी केवळ उष्णता देते आणि तिच्यावर कुंडीतील हवा मोजणाऱ्या बाहेरील थर्मोस्टॅटचे नियंत्रण असते. सळई केवळ धूर देते आणि तो अखंड मिळतो. दोन स्विच, दोन क्रियापदे. माझ्या दुसऱ्या खेपेचे बांगडे या रचनेत झाले आणि ते काट्यापर्यंत शिजले.

६. चार क्रियांचा क्रम

आता पूर्ण कृती चार क्रियापदांत सांगता येते.

खारविणे : ताजी मासळी साफ करून, एक लिटर पाण्यास सुमारे १०० ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवावी. बांगड्याच्या जातीच्या माशांत एक विशेष धोका असतो. ते थोडा वेळ जरी उन्हाळ्याच्या हवेत राहिले तरी त्यांत हिस्टामिन तयार होते, आणि ते पुढे धुराने किंवा शिजविण्याने नष्ट होत नाही. म्हणून मासळी बाजारातून बर्फातच आणावी.

वाळविणे : खाऱ्या पाण्यातून काढून, वरवर धुऊन, टिपून मासळी उघडी ठेवावी. तासा-दोन तासांत तिच्यावर एक चकचकीत, किंचित चिकट पापुद्रा येतो. धूर या पापुद्र्यावर सारखा बसतो; ओल्या पृष्ठभागावर त्याचे ओघळ उठतात. कोकणातील पावसाळी हवेत हे काम पंख्याखाली होत नाही. तेथे आणि उन्हाळ्यात सर्वत्र ते फ्रिजमध्येच करावे.

धुरविणे आणि शिजविणे : धुरवणी आधी १०० ते ११० अंशांपर्यंत तापवून मग मासळी ठेवावी. या दोन क्रिया आता एकाच वेळी परंतु स्वतंत्रपणे चालतात. धुराचे प्रमाण आपल्या रुचीवर अवलंबून आहे. सळई अर्ध्या तासाने बंद केली तरी चालते. शिजणे मात्र रुचीवर सोडता येत नाही. सर्वांत जाड भागात तापमापकाची सळई खुपसून ६३ अंश सेल्सिअस उष्णता आल्याचे पाहावे, आणि ती अर्धा तास टिकवावी. कोंबडीसाठी ७४ अंश. घड्याळ आणि रंग या दोहोंवरही येथे विश्वास ठेवता येत नाही.

शेगडी बंद ठेवून केवळ सळई चालविली, तर जे घडते त्याला ‘शीत धुरवण’ म्हणता येईल. तेथे हवा ३० अंशांच्या खाली असावी लागते. पनीर, मीठ, वाळलेल्या मिरच्या यांना थंडीच्या दिवसांत अशी धुरवण थोडा वेळ देण्यास हरकत नाही. पनीर लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. परंतु कच्ची मासळी आणि मांस यांची शीत धुरवण आपल्या हवामानात घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे येते.

७. शब्दातील गोंधळ आणि त्याची किंमत

‘बोट्युलिझम’ हा शब्द लॅटिनमधील ‘बोटुलुस’, म्हणजे सॉसेज, या शब्दावरून आलेला आहे. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास युस्टिनुस केर्नर या वैद्याने १८२० च्या सुमारास प्रसिद्ध केला. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीनंतरच्या जेवणात डुकराच्या खारविलेल्या मांसामुळे तेथील वादकांना विषबाधा होऊन तिघे दगावले. त्या प्रकरणाच्या तपासातून एमिल व्हॅन एर्मेंजेम यांना या रोगाचा जंतू सापडला. १९६३ साली अमेरिकेतील ग्रेट लेक्समधील धुरविलेली, हवाबंद वेष्टनात भरलेली मासळी खाऊन पुन्हा माणसे मृत्युमुखी पडली.

या जंतूला प्राणवायू नको असतो. मीठ कमी, आच अपुरी आणि वेष्टन हवाबंद असले की त्याला अनुकूल स्थिती मिळते. मासळीत आढळणारे त्याचे काही प्रकार ३ ते ४ अंशांनाही वाढतात. त्यामुळे केवळ फ्रिजवर भिस्त ठेवता येत नाही. सामान्य जंतूंच्या वाढीची कक्षा साधारण ५ ते ६० अंश मानतात, आणि शीत धुरवण नेमकी त्या कक्षेत तासन् तास चालते. युरोप-अमेरिकेतील कारखाने ती करतात तेव्हा मिठाचे प्रमाण, तापमान आणि काही पदार्थांत नायट्राइट यांचे मोजमाप त्यांच्या हाती असते. घरी ते नसते. म्हणून घरी धुरविलेली मासळी शिजवूनच घ्यावी, हवाबंद भरू नये, फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. धुरविल्यामुळे ती टिकाऊ झाली असे मानू नये. टिकविण्याचे काम जुन्या काळी भरपूर मीठ आणि भरपूर वाळवण यांनी केले. श्रेय मात्र धुराच्या नावावर जमा झाले, कारण पदार्थाचे नाव धुरावरून पडले होते.

आरोग्याची दुसरी बाजूही लपवून ठेवण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा, ज्यात धुरविलेले मांसही येते, मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या गोष्टींत समावेश केला. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरविलेल्या मांसातील बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. लाकूड पेटू न देता धुमसत ठेवणे आणि चरबी आचेवर पडू न देणे या दोन गोष्टींनी हे प्रमाण कमी राहते, शून्य होत नाही. हा पदार्थ प्रसंगी खावयाचा आहे, रोजचा नव्हे.

८. समारोप

परिभाषा घडविताना आपण बहुधा परकीय संज्ञा समोर ठेवतो आणि तिच्या बरोबरीचा एक शब्द शोधतो किंवा बनवितो. ‘स्मोक’ या शब्दासाठी ‘धूम्रसंस्कार’ असा भारदस्त शब्द सहज सुचला असता आणि तो कोशात शोभूनही दिसला असता. परंतु मूळ शब्दातील संदिग्धता त्याने जशीच्या तशी मराठीत आणली असती. संज्ञेऐवजी क्रियेकडे पाहिले तेव्हा स्वयंपाकघरातील तीन जुनी क्रियापदे हाताशी आली आणि केवळ चौथे जुळवून घ्यावे लागले. विद्यार्थ्यांनी परिभाषेच्या कामात ही रीत अवश्य अजमावून पाहावी. ज्या प्रक्रियेचे नाव घडवावयाचे ती शक्य तेथे स्वतः करून पाहावी, तिचे टप्पे मोजावेत, आणि प्रत्येक टप्प्याला बोलीत आधीच शब्द आहे काय हे विचारावे. कोळीवाड्यातील बाई ‘खारविणे’ आणि ‘वाळविणे’ यांत कधी गल्लत करीत नाही. कारण त्या गल्लतीची किंमत तिला ठाऊक असते.